बघत कोणी नाही, टाकवत कोणाला नाही

प्रश्न: माझे बाबा हौशी. जातील तिथे कॅमेरा बरोबर. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या कपाटात 31 मोठ्या व्हीएचएस कॅसेटी, 9 छोट्या मिनीडीव्ही आणि त्याही आधीची सुपर 8ची 6 रिळं आहेत. गेल्या पंधरा वर्षांत यातलं काहीही कोणी लावून बघितलेलं नाही. व्हीसीआरला तर हातही लावलेला नाही, चालतो की नाही देव जाणे. आता मला ती खोली रिकामी करायची आहे. भाऊ लांब राहतो. तो म्हणतो, "सगळं डीव्हीडीवर उतरवून घे आणि कॅसेटी फेकून दे." मुलगी म्हणते, "आई, खरं सांग, बघणार कोण आहे?" तिचंही खोटं नाही. आई 78 वर्षांची आहे. विषय काढला की म्हणते, "तुझ्या बाबांचा जीव होता त्यात, असू दे." त्यातच भावाच्या पहिल्या लग्नाच्या दोन कॅसेटी आहेत. ते लग्न टिकलं नाही, आता घरात दुसरी वहिनी आहे. त्यांचं काय करायचं हा वेगळाच पेच. मला बघायचा धीर होत नाही आणि टाकायला हात होत नाही. काय करू?
(कपाटाची राखणदार)

ताई,

तुमच्या मुलीपासूनच सुरुवात करतो, कारण पत्रातला सगळ्यात रोखठोक प्रश्न तिचा आहे. बघणार कोण? आधी हिशोब मांडू. मोठी कॅसेट सरासरी दोन तासांची धरली तर 31 कॅसेटींचे 62 तास. मिनीडीव्ही सहसा एक तासाची, म्हणजे 9 तास. सुपर 8चं तळहाताएवढं रीळ 50 फुटांचं असतं. सेकंदाला 18 चित्रं या वेगानं ते 3 मिनिटं 20 सेकंदांत संपतं. सहाही तशीच असली तर मिळून 20 मिनिटं. एकूण 71 तासांच्या वर. एवढं सगळं बघणारा माणूस तुमच्या घरात नाही, माझ्या घरात नाही आणि खरं सांगायचं तर बाबांनीही बघितलं नसेल. शूटिंगची हौस असलेली माणसं स्वतःचं शूटिंग बघायला मात्र आळशी असतात. मीही त्यातलाच.

पण कोणी बघत नाही एवढ्यावरून टाकून द्यायचं ठरत नाही. घराची कागदपत्रं आपण वर्षानुवर्षं उघडत नाही, तरी रद्दीत घालत नाही. तुमच्या घरात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे: वाचवणं आणि बघणं. मुलगी बघण्याबद्दल बोलते आहे, आई वाचवण्याबद्दल, आणि भावाला दोन्ही एका दमात उरकायचं आहे. वाचवण्याला घाई आहे, बघण्याला अजिबात नाही. तुमचा जो धीर होत नाही तो बघण्याचा. तो आज व्हायची गरजच नाही. एकही मिनिट न बघता तुम्ही हा सगळा साठा वाचवू शकता.

आता घाई कशाची, आणि कोणत्या क्रमानं. लोकांना वाटतं सगळ्यात जुनं ते सगळ्यात नाजूक, म्हणून रिळांपासून सुरुवात करावी. माझ्या मते क्रम नेमका उलटा आहे: आधी आई, मग छोट्या कॅसेटी, मग मोठ्या आणि शेवटी रिळं.

आई आधी का, ते सांगतो. आमच्याकडच्या तीन वेगवेगळ्या कॅसेटींत एक बाई दिसते. जाड फ्रेमचा चष्मा, केसांचा घट्ट अंबाडा, हसताना तोंडावर हात. एका ठिकाणी ती माझ्या आजीच्या खांद्यावर हात टाकून उभी आहे. दुसरीकडे तिनं मला कडेवर घेतलंय आणि कॅमेऱ्याकडे बघायला लावण्यासाठी माझी हनुवटी धरून वळवते आहे. म्हणजे घरातलंच कोणीतरी. चित्र अजून स्वच्छ आहे, चष्म्याच्या काचेतली खिडकीची तिरीपसुद्धा दिसते. पण तिचं नाव सांगू शकणारा शेवटचा माणूस, माझे काका, चार वर्षांपूर्वी गेले. मी त्यांना विचारलं नव्हतं. आधी सगळं नीट डिजिटल करून घेऊ, मग एकदा निवांत बसून बघू, असं माझं चाललं होतं. कॅसेट टिकली, नाव गेलं.

म्हणून डिजिटल व्हायची वाट बघू नका. आजच्या घडीला तुमच्याकडे लेबलं आहेत, तेवढी पुरेत. एका वेळी चार-पाच कॅसेटी आईसमोर ठेवा आणि लेबलावर जे लिहिलंय ते वाचून दाखवा. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि फोन पालथा घाला, नाहीतर ती फोनकडेच बघत बसेल. वीस मिनिटं झाली की थांबा. "हे कोण?" यापेक्षा "तेव्हा आपण कुठल्या घरात होतो?", "हा कॅमेरा बाबांनी कधी घेतला?", "तू चिडली होतीस का त्यांच्यावर?" असं विचारा. चिडलेल्याच असणार. प्रत्येक समारंभात नवरा कॅमेऱ्यामागे आणि पाहुण्यांचं बघायचं बायकोनं, असं कितीतरी घरांत झालंय.

दुसरा नंबर छोट्या कॅसेटींचा. त्या सगळ्यात नव्या, म्हणून सगळ्यात सुरक्षित वाटतात. हा प्रकार 1995 साली आला. व्हीएचएसची फीत 12.7 मिलिमीटर रुंद असते आणि हिची फक्त 6.35, म्हणजे निम्मी. त्यात ती डिजिटल. व्हीएचएस म्हातारी होते तेव्हा हळूहळू मुंग्या येतात, रंग पसरतात, चित्र वरखाली ओढल्यासारखं होतं, तरी माणूस ओळखू येतो. डिजिटल फीत तशी हळूहळू ढासळत नाही. आज चेहरा लख्ख दिसतो, उद्या तिथे चौकटी-चौकटी, आणि परवा काहीच नाही. शिवाय ती वाचायला तसलाच कॅमेरा किंवा डेक लागतो, आणि तोच बंद पडलेला असतो.

मात्र एक सोय आहे. या फितीवर आकडेच नोंदवलेले असल्यामुळे फायरवायर नावाच्या वायरीनं ते जसेच्या तसे कॉम्प्युटरवर उतरतात, दर्जा तसूभर कमी होत नाही. तासाला साधारण 13 जीबी, म्हणजे तुमच्या नऊ कॅसेटींचे 117 जीबी. नव्या कॉम्प्युटरला ती वायर लावायची जागाच नसते, त्यामुळे एखाद्या जुन्या माणसाचा जुना लॅपटॉप शोधावा लागेल. कोणी पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी उतरवून देतो म्हणाला, तर या नऊ कॅसेटींसाठी नको म्हणा. छापील पुस्तक समोर असताना त्याचा फोटो काढून तो वाचण्यासारखं आहे ते.

मोठ्या कॅसेटींना त्या पिना चालतात. तिथे एस-व्हिडिओ नावाच्या वेगळ्या जोडणीची सोय असलेला प्लेअर मिळाला तर आणखी बरं, रंग थोडे स्वच्छ येतात. पण काहीही लावण्याआधी दोन कामं करायची आहेत.

पहिलं काम खाचेचं. व्हीएचएस कॅसेटच्या ज्या लांब कडेवर लेबल चिकटवतात, तिच्या टोकाला प्लास्टिकची एक छोटी चकती असते. ती स्क्रू-ड्रायव्हरनं मोडून टाकली की त्या कॅसेटवर चुकूनही नवीन रेकॉर्डिंग होत नाही. मिनीडीव्हीला याच कामासाठी सरकवायची पट्टी असते, ती सेव्हकडे सरकवायची. आमच्या घरात माझ्या पाचव्या वाढदिवसावर एक अख्खा सामना चढलाय. मेणबत्ती विझवायला मी ओठांचा चंबू करतो आणि थेट दुसऱ्या डावात जातो. कोणी केलं ते घरात सगळ्यांना माहीत आहे, अजून कोणी कबूल केलेलं नाही.

दुसरं काम, कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आतलं गुंडाळं बघा. ते गुळगुळीत, गडद आणि सारखं दिसायला हवं. कडेला पांढरी-करडी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट अजिबात लावू नका. वेगळ्या पिशवीत ठेवा आणि बुरशी काढून देणाऱ्या जाणकाराकडे पाठवा. प्लेअरमध्ये फीत कॅसेटमधून बाहेर ओढली जाते आणि एका फिरत्या ढोलाला लपेटली जाते. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या यंत्रात तो ढोल मिनिटाला 1500 फेऱ्या घेतो. बुरशीची एक कॅसेट लावली की ती घाण ढोलावर बसते, आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना तिचा प्रसाद मिळतो.

तुमचा जुना व्हीसीआर चालू होतो का, हे बघायचा मोह होईल. बघा, पण बाबांच्या कॅसेटवर नको. 31 मध्ये टीव्हीवरून घेतलेला एखादा सिनेमा नक्की असेल. तो बळीचा बकरा. ती कॅसेट पुढे-मागे करून, वाजवून, बाहेर काढून बघा. फितीवर ओरखडा नसेल, ती दुमडली नसेल तरच पुढचं. आणि वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट लावण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणायची, म्हणजे चिकटलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो.

थोडं थांबून, घाई म्हणजे नक्की किती, तेही सांगतो. फितीवरचे चुंबकीय कण एका चिकट थरानं धरून ठेवलेले असतात. काही फितींत तो थर हवेतली ओल पिऊन चिघळतो आणि खरवडून निघू लागतो. ते एक संकट. दुसरं मोठं संकट यंत्रांचं. व्हीएचएस 1976 साली आलं, आणि व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई हिनं जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. आता जे आहेत ते जुने, त्यांचे सुटे भाग जुने, आणि दुरुस्त करणारे हात त्याहून जुने. 2019 साली युनेस्कोच्या एका उपक्रमातून जगभरच्या संग्रहांना चुंबकीय फितींबद्दल धोक्याचा इशारा दिला गेला, तेव्हा त्या क्षेत्रातली माणसं 2025 ही मर्यादा धरून बोलत होती. ते वर्ष आलं म्हणून कॅसेटी रातोरात पुसल्या गेल्या नाहीत. पण तुमच्या कपाटातलं "असू दे" आता फुकटचं राहिलेलं नाही.

रिळांचं तसं नाही, म्हणूनच ती शेवटी. सुपर 8 आलं 1965 साली. पण तीस वर्षांनी आलेली मिनीडीव्ही यंत्राशिवाय मुकी, आणि हे रीळ मात्र खिडकीशी धरलं की नुसत्या डोळ्यांनी दिसतं. नखाहून लहान चौकटीत बाबा, बाबा, बाबा, प्रत्येकात हात थोडा वर गेलेला. फक्त डबा उघडून वास घ्या. ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, आणि एकदा ते सुरू झालं की वेग वाढतच जातो. वास आला तर हे रीळ रांगेत सगळ्यांच्या पुढे, आणि बाकीच्यांपासून लांब. नाही आला तर थंड, कोरड्या जागी निवांत राहू द्या. जुन्या प्रोजेक्टरवर मात्र चढवू नका. आकसलेली फिल्म दात्यांत अडकून फाटते. एकेक चौकट स्कॅन करून देणारे लोक असतात, काम त्यांच्याचकडे द्या.

आता भावाच्या सूचनेकडे येतो. "डीव्हीडीवर उतरव आणि फेकून दे." ताई, हेच मी केलं होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या चौदा कॅसेटी एका स्टुडिओला दिल्या. चौदा चकचकीत डिस्क मिळाल्या, वर छापील नावंसुद्धा. कॅसेटी त्यांनी "टाकायच्या ना?" म्हणून विचारलं. मी हो म्हणणारच होतो, पण पत्नीनं पिशवी हातात घेतली. पुढे कधीतरी एक डिस्क लावली तर ती अर्ध्यावर अडकली. घरी लिहिलेल्या डिस्कवर रंगाचा एक थर असतो, त्यात माहिती नोंदलेली असते, आणि तो थर उतरत जातो. म्हणून मी त्या वेळची मूळ कॅसेट काढली आणि एका मित्राचा प्लेअर आणून स्वतः उतरवायला बसलो. डिस्कवर 1 तास 38 मिनिटं होती. कॅसेट 1 तास 49 मिनिटं चालली.

मधली 11 मिनिटं स्टुडिओवाल्यानं कापली होती. त्याच्या दृष्टीनं बरोबरच, कारण त्या 11 मिनिटांत पडदा काळा आहे. वडिलांनी कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं, कॅमेरा टेबलावर ठेवला आणि बंद करायला विसरले. दिसत काही नाही. ऐकू येतं ते असं: खुर्च्या सरकतात. दार दोनदा लागतं. आई आणि आत्या, पाहुणे किती वाजता निघणार यावर हळू आवाजात वाद घालतात, मग दोघी एकदम हसतात. कोणीतरी मूल "माझी चप्पल कुठेय" म्हणून तीनदा विचारतं, त्याला कोणीच उत्तर देत नाही. आणि या सगळ्याच्या मागे वडील शिट्टी वाजवत खोलीतून जातात आणि येतात. वडील शिट्टी वाजवायचे हे मी साफ विसरलो होतो. चौदा कॅसेटींत ते जेमतेम दोन मिनिटं दिसतात, कारण कॅमेरा नेहमी त्यांच्याच हातात. त्या काळ्या पडद्यात मात्र ते आहेत.

आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा लावला गेलेला तुकडा तोच.

तेव्हा ज्याला काम द्याल त्याला स्वच्छ सांगा: काहीही कापायचं नाही, काळं-निळं, हललेलं, जमिनीचं, सगळं हवं. डिस्क नको, फाइल हवी. चित्राचा आकार जुन्या टीव्हीसारखा चौकोनीच ठेवायचा, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तरी चालतील. नाहीतर रुंद पडदा भरायच्या नादात तुमच्या सगळ्या आत्या आडव्या ताणल्या जातील. चेहरे गुळगुळीत करून देणाऱ्या अ‍ॅपचे प्रयोग करायचे तर नंतर आणि प्रतीवर करा, कारण त्यातून येणारा चेहरा बाबांचा असेलच असं नाही. आधी एकच कॅसेट देऊन बघा. आणि मूळ कॅसेटी मोजून परत घ्या. स्वतः घरी करायचं ठरवलंत तर एक लक्षात ठेवा, दोन तासांची कॅसेट उतरायला दोन तासच लागतात. तिथे कोणाचीच हुशारी चालत नाही. रोज एक लावून आपल्या कामाला लागायचं.

फाइल झाल्या की तीन प्रती. एक तुमच्या हार्ड डिस्कवर, एक भावाकडच्या, एक क्लाऊडवर. सगळा साठा अर्ध्या टेराबाइटमध्ये आरामात मावेल. भाऊ लांब राहतो हे इथे चक्क सोयीचं आहे. तुमच्याकडे पाणी शिरलं तरी त्याच्याकडे ऊन असेल. त्याला हे काम म्हणून सोपवा: वर्षातून एकदा डिस्क जोडायची आणि दोन-चार फाइल उघडून बघायच्या. सल्ले देणाऱ्याला काम दिलं की सल्ले कमी होतात, हा आपला माझा अनुभव. फाइलच्या नावात आधी साल लिहा, मग महिना, मग प्रसंग, म्हणजे आपोआप क्रमानं लागतील. लेबलावर बाबांनी लिहिलंय तेच शब्द ठेवा, आणि लेबलांचे फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका.

टाकायचं काय? टीव्हीवरून घेतलेले सिनेमे टाका. विकतच्या कॅसेटी टाका. एकाच समारंभाच्या तीन प्रती असतील तर मूळ ओळखून ठेवा आणि बाकीच्या टाका. व्हीएचएसची प्रत काढली की दर्जा उतरतो, त्यामुळे दोन्ही लावून बघितल्या की मूळ कोणती ते लगेच कळतं. बाबांनी स्वतः घेतलेलं यातलं काही नाही टाकायचं, निदान पाच-सात वर्षं तरी, उतरवलेलं सगळं कोणीतरी तपासून होईपर्यंत. एका खोक्यात मावतं हे. पुस्तकांसारखं उभं ठेवा. माळा आणि ओलीची भिंत सोडून कुठेही.

आता त्या दोन लग्नाच्या कॅसेटी. इथे मला थोडं परखड बोलू द्या: हा निर्णय तुमचा नाही. गुपचूप टाकण्याचा नाही, आणि "काय हरकत आहे" म्हणून कौटुंबिक ग्रुपवर टाकण्याचा तर मुळीच नाही. बाकीच्यांबरोबर त्याही उतरवून घ्या. न बघता घेतल्या तरी चालेल. फाइलवर फक्त साल लिहा. मग भावाला फोन करा, तो एकटा असेल तेव्हा, आणि सांगा की आहेत, माझ्याकडे आहेत, तू म्हणशील तसं. तो आत्ता फेक म्हणाला तर वर्षभर थांबून पुन्हा एकदा विचारा. लग्न मोडलं तरी त्या दिवशी आलेले पाहुणे खरेच होते. कदाचित तुमच्या आजीचं चालतं-बोलतं शेवटचं चित्र त्यातच असेल. भावाची हरकत नसेल तर नवरा-नवरी सोडून तेवढे तुकडे वेगळे काढता येतील. त्या कॅसेटमध्ये पहिल्या वहिनींची माणसंही आहेत. त्यांना प्रत हवी का, हे विचारायचं की नाही ते भावानं ठरवावं. पण त्यांचेही आई-वडील आज असतीलच असं नाही, एवढं त्याच्या कानावर घाला.

सार्वजनिक ठिकाणी चढवण्याबद्दलही तेच. तीस वर्षांपूर्वी टबात बसलेलं पोर आज कोणाचा तरी साहेब असेल. त्याला विचारल्याशिवाय नको.

घराबाहेरच्यांना यात काय रस, असंही तुमची मुलगी म्हणेल. असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या कुटुंबांना छावण्यांत डांबलं होतं. टोपाझ नावाच्या छावणीत डेव्ह तात्सुनो यांनी चोरून आणलेल्या 8 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर तिथलं रोजचं जगणं टिपलं. ती घरगुती फिल्म 1996 साली तिकडच्या राष्ट्रीय फिल्म नोंदवहीत गेली. बाबांच्या कॅसेटी तिथे जातील असं मी म्हणत नाही. पण मागे दिसणारा रस्ता, भिंतीवरचं कॅलेंडर, कोणी कसं बोलायचं, हे टिपायला त्या काळी दुसरं कोणी येत नव्हतं. कुठल्या संग्रहालयानं मागितलं तर प्रत द्या, मूळ नको.

आणि बघणं? ते नंतर. पण 71 तासांचं आमंत्रण कोणाला देऊ नका, मुलीला तर नाहीच. दोन-तीन मिनिटांचा एक तुकडा, तोही तिच्या वयाची असताना तुम्ही त्यात असाल असा, एखाद्या दिवशी काही न सांगता तिला पाठवून द्या. पुढचा तिनं मागितला तर पाठवा, नाही मागितला तर नाही. बाबांचा आवाज तुम्हाला ऐकवेनासा असेल तर काही वर्षं ऐकू नका. फाइल कुठे जात नाही.

या आठवड्यात फक्त दोन गोष्टी करा. 31 कॅसेटींच्या चकत्या मोडा, नऊ पट्ट्या सरकवा. आणि त्या नऊ छोट्या कॅसेटी घेऊन आईजवळ बसा. लेबलं छोटी आहेत, बाबांनी अक्षर दाबून लिहिलं असणार, तुम्हाला काही ठिकाणी लागायचं नाही. तिला विचारा. तिला लागेल.